पीक खर्चाचा वृत्तालेख: कसा काढावा, कसा वाचावा

हंगाम संपल्यावर वहीतील नोंदींवरून एकूण खर्च कळतो. पण पैसा नेमका कुठे गेला, हे चटकन दिसत नाही. त्यासाठी वृत्तालेख (पाय चार्ट) काढावा. यात पूर्ण वर्तुळ म्हणजे एकूण खर्च आणि प्रत्येक पाकळी म्हणजे त्यातील एका बाबीचा वाटा.

सूत्र
पाकळीचा कोन = (बाबीचा खर्च ÷ एकूण खर्च) × ३६०

उदाहरण
समजा, एक एकर बागायती कपाशीचा खर्च ३६,००० रुपये आला. म्हणजे दर १०० रुपयांना १ अंश.

- वेचणी: १२,००० रु. – १२० अंश
- निंदणी-डवरणी: ७,००० रु. – ७० अंश
- खते: ६,००० रु. – ६० अंश
- फवारणी: ५,००० रु. – ५० अंश
- मशागत व लागवड: ४,००० रु. – ४० अंश
- बियाणे: २,००० रु. – २० अंश

सर्व कोनांची बेरीज ३६० यायलाच हवी. न आल्यास एखादी नोंद सुटली आहे किंवा दोनदा धरली आहे. घरच्या माणसांची मजुरीही चालू दराने धरा. अन्यथा मजुरीची पाकळी खोटी लहान दिसते.

वाचताना काय पाहावे?
बियाण्याच्या पाकिटामागे ५० रुपये वाचावेत म्हणून आपण चार दुकाने फिरतो. पण इथे बियाण्याची पाकळी सर्वांत लहान आहे. वेचणी आणि निंदणी-डवरणी मिळून निम्म्याहून जास्त वर्तुळ व्यापतात. काटकसरीचा विचार तिथून सुरू करा. मात्र वेचणीची मजुरी किलोवर असते. उत्पादन वाढले की ती पाकळीही मोठी होते, हे नुकसान नव्हे.

इथे फसगत होते
वृत्तालेख वाटा दाखवतो, रक्कम नाही. पुढच्या वर्षी खतांवर तेवढेच ६,००० रुपये गेले आणि एकूण खर्च ४५,००० झाला, तर खतांची पाकळी ६० वरून ४८ अंशांवर येईल. खताचा एक रुपयाही वाचलेला नसेल. म्हणून प्रत्येक पाकळीवर रक्कम आणि वर्तुळाखाली एकूण खर्च लिहा.

दोन वर्षांचा खर्च किंवा चार वाणांचे उत्पादन यांची तुलना करायची असेल, तर स्तंभालेख वापरा. वाणांचे उत्पादन हे एका पूर्णाचे भाग नसतात.

पाकळ्या पाच-सहाच ठेवा. किरकोळ बाबी ‘इतर’मध्ये घ्या.