मातीची भिंत आणि विनयपिटक

आपल्यापैकी पुष्कळांच्या आई-आजींनी आयुष्यभर मातीच्या भिंती लिंपल्या. चिखलात भुसा कालवून, पायांनी तुडवून, थरावर थर चढवून उभी केलेली ती भिंत. पावसाळा सरला की तिला बाहेरून नवा हात द्यायचाच. या कामाचा इतिहास कोण लिहिणार, असे आपल्याला वाटते. पण तो लिहिलेला आहे, आणि तोही विनयपिटकात!

चुल्लवग्गातील 'सेनासनक्खंधक' हा भाग निवासाविषयी आहे. त्यातल्या अडचणी अगदी घरच्या वाटतात. खरबरीत भिंतीवर पांढरा रंग धरेना. भगवंतांनी अनुज्ञा दिली, तुसाचा चिखल लावून थापीने सारखा करावा. तरी धरेना, तेव्हा बारीक माती. तेही जमेना, तेव्हा झाडाचा चीक आणि पिठाची खळ. आधी जाड हात, मग बारीक हात. गवंडी आजही असेच करतो. 'तूस' हा शब्द तर आपण अजून जवळजवळ तसाच बोलतो. अजिंठ्याच्या चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यातही तूस आणि गवताचे तंतू आहेत.

पुढे तक्रार येते, पावसाने भिंत भिजते. त्यावर आडोशाची ताटी आणि 'उद्दसुधा' यांना परवानगी मिळाली. इसवी सनाच्या 5 व्या शतकातील बुद्धघोषांची अट्ठकथा उद्दसुधेचा अर्थ देते : वासराचे शेण आणि राख घालून मळलेली माती. वाचताना मी थबकलोच. आमच्या आजीचा शेणकाला तो हाच की! राख कशाला, म्हणून विचारले तर "किडा लागत नाही बाबा," एवढेच ती सांगायची.

मातीचे सगळेच काही चालले नाही. राजगृहाच्या धनिय नावाच्या कुंभारपुत्र भिक्खूने अख्खी कुटी मातीची केली आणि आग लावून भाजली. ती मृगाच्या किड्यासारखी लालभडक दिसे. भाजताना जीवजंतू मरतात म्हणून भगवंतांनी ती मोडायला लावली. भिंतीला माती लिंपायला मात्र हरकत नव्हती.

गावच्या आमच्या घराला 1987 साली आम्ही हौसेने बाहेरून सिमेंट लावले. माती म्हणजे गरिबी, असे मनात बसले होते ना! मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती सोडू देत नाही. भेगेतून पाणी शिरले, आतच राहिले, पायथा मऊ झाला. तिसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेचा कोपरा बसला. मग सिमेंट खरवडून पुन्हा मातीच लावली. काल्यात राख किती घालायची हे विचारायला तोवर आजी राहिली नव्हती.