नदीकाठ, संघमालक आणि दिलेला शब्द : जॅक्सनव्हिलची गोष्ट

सार्वजनिक जागेच्या इतिहासावर आपण बोलतो आहोत, त्यात आज एका परक्या शहराची गोष्ट सांगणार आहे. शहर अमेरिकेतलं, फ्लोरिडा राज्याच्या ईशान्य टोकाचं. नाव जॅक्सनव्हिल. तिथे अमेरिकन फुटबॉलचा एक संघ आहे, जॅक्सनव्हिल जॅग्वार्स. त्याच्या मालकाला शहराच्या मध्यवर्ती भागातला, म्हणजे ते लोक ज्याला डाउनटाउन म्हणतात तिथला, नदीकाठ नव्यानं उभारायचा आहे. दहाएक वर्षं गावात यावर वाद झाला. वरवर पाहिलं तर तो पैशांचा वाद वाटतो, आणि पैशांचा तो आहेच. पण मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला त्याच्या तळाशी एक जुना प्रश्न दिसतो : वचन म्हणजे काय, आणि ते कोण कुणाला देतो?

आधी भूगोल. सेंट जॉन्स ही संथ नदी. साधारण पाचशे किलोमीटर लांब, आणि गंमत म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारी. तिच्या काठी, गुरं पलीकडे नेण्याच्या उताराच्या जागी हे गाव वसलं, म्हणून त्याचं आधीचं नाव काउफोर्ड. ३ मे १९०१ रोजी इथे प्रचंड आग लागली. तेवीसशेहून अधिक इमारती जळाल्या, सुमारे दहा हजार लोक बेघर झाले. गाव पुन्हा उभं राहिलं. काठावर गोद्या होत्या, धक्के होते. जहाजांची दुरुस्ती हा तिथला मोठा रोजगार. ‘जॅक्सनव्हिल शिपयार्ड्स’ ही गोदी १९९२ मध्ये बंद पडली आणि डाउनटाउनला लागून असलेली मोक्याची जमीन रिकामी झाली. रिकामी म्हणजे नुसती मोकळी नव्हे बरं का. वर्षानुवर्षांच्या कामानं तिथली माती दूषित झालेली होती. ती साफ करायची तर खर्च, आणि तो कुणी करायचा हा पहिला प्रश्न.

आता या काठानं किती शब्द ऐकले ते बघा. १९८७ मध्ये नदीला लागून ‘जॅक्सनव्हिल लँडिंग’ नावाची बाजारपेठ सुरू झाली. डाउनटाउन पुन्हा गजबजेल असं तेव्हा सांगितलं गेलं. काही वर्षं गजबजलंही. मग दुकानं ओस पडली, २०१९ मध्ये शहरानं ती जागा परत घेतली आणि इमारत पाडून टाकली. गोदीच्या जमिनीवर एका विकासकानं योजना आणली, ती फसली. दुसरा आला, तो २००८ च्या मंदीनंतर दिवाळखोरीत गेला आणि जमीन पुन्हा शहराच्या गळ्यात पडली. शेजारीच ‘बर्कमन प्लाझा’चा दुसरा मनोरा उभा राहत होता. डिसेंबर २००७ मध्ये त्याच्या वाहनतळाची इमारत कोसळून एक कामगार दगावला. अर्धवट मनोऱ्याचा सांगाडा चौदा वर्षं तसाच उभा होता, अखेर मार्च २०२२ मध्ये सुरुंग लावून पाडला. तेव्हा नदीकाठच्या चकचकीत आराखड्याकडे तिथला माणूस कसा बघत असेल याची कल्पना करा. त्यानं असे आराखडे आधी पाहिले होते, आणि तो सांगाडा रोज पाहत होता.

आता संघाकडे येऊ. आयपीएलमुळे ‘फ्रँचायझी’ हा शब्द आपल्याला नवा राहिलेला नाही. पण अमेरिकेत एक गोष्ट वेगळी आहे : तिथला संघ मालकाच्या मनात आलं की गाव सोडून जाऊ शकतो. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स हा संघ रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. अलीकडे ओकलंडचा रेडर्स लास व्हेगासला गेला. ही भीती प्रत्येक वाटाघाटीत न बोलता हजर असते.

जॅक्सनव्हिलला संघ मिळाला ३० नोव्हेंबर १९९३ रोजी. त्याआधी जुलैत नगर परिषदेनं पैशाच्या प्रश्नावर हात आखडता घेतला होता, प्रयत्न संपल्यात जमा होता. ऑगस्टमध्ये तो पुन्हा उभा राहिला. गावातल्या लोकांनी दहा दिवसांत नऊ हजारांहून अधिक महागड्या आसनांची नोंदणी केली. म्हणून तिथला चाहता ‘आमचा संघ’ म्हणतो तेव्हा ती नुसती भावना नसते. आपण पदरचे पैसे घालून हा संघ आणला, हे त्याच्या लक्षात असतं. मोठ्या शहरांच्या मानानं आपण लहान, टीव्हीवाले आपल्याला विचारत नाहीत, आणि तरी देशाच्या नकाशावर आपलं नाव आहे ते या संघामुळे. या अभिमानाला हसू नये. या वादातली एक बाजू त्यावरच उभी आहे.

२०१२ च्या सुरुवातीला संघाची मालकी शाहिद खान यांच्याकडे आली. जन्म लाहोरचा, १९५० चा. सोळाव्या वर्षी शिकायला इलिनॉय राज्यात आले, भांडी घासली, मोटारींचे बंपर बनवण्याच्या धंद्यात अब्जाधीश झाले. या लीगमध्ये संघ विकत घेणारे ते पहिले वांशिक अल्पसंख्याक. गावानं त्यांचं मनापासून स्वागत केलं. पण २०१३ पासून संघ दरवर्षी एक घरचा सामना लंडनच्या वेम्बलीत खेळू लागला, त्याच वर्षी खान यांनी लंडनचा फुलहॅम क्लब घेतला, २०१८ मध्ये वेम्बली स्टेडियमच विकत घ्यायचा प्रस्ताव दिला आणि मग मागे घेतला. संघ जाणार का, ही कुजबुज थांबली नाही. याच काळात शहर पैसे घालत होतं. स्टेडियमच्या महाकाय पडद्यांसाठी ६ कोटी ३० लाख डॉलर लागले, त्यातले ४ कोटी ३० लाख शहराचे. मग २०१७ मध्ये ९ कोटींचं खुलं प्रेक्षागृह आणि सरावाचं मैदान झालं, खर्च निम्मा निम्मा.

पुढची पायरी म्हणजे ‘लॉट जे’. स्टेडियमशेजारचा मोटारी लावायचा मोठा तळ. तिथे हॉटेल, सदनिका, करमणुकीचा भाग असा सुमारे ४५ कोटी डॉलरचा प्रकल्प २०२० मध्ये पुढे आला. शहराचा वाटा वीस कोटींहून अधिक, त्यात ६ कोटी ५५ लाखांचं बिनव्याजी कर्ज. महापौर अनुकूल होते. पण परिषदेच्या लेखापरीक्षकांनी हिशेबावर बोट ठेवलं : शहर जे घालतंय त्याच्या मानानं परत येणारं फार कमी आहे.

इथे एक संदर्भ ध्यानात ठेवला पाहिजे. वर्षभरापूर्वीच, २०१९ मध्ये, शहराची सार्वजनिक वीज-पाणी कंपनी ‘जेईए’ विकायचा प्रयत्न झाला होता आणि तो गाजावाजा होऊन फसला होता. पुढे २०२४ मध्ये त्या कंपनीच्या माजी प्रमुखाला न्यायालयानं दोषी ठरवलं. सार्वजनिक मालमत्ता घाईनं हातची जाऊ शकते, हे लोक नुकतंच शिकले होते. १२ जानेवारी २०२१ रोजी मतदान झालं. एकोणीस सदस्य. बाजूनं बारा, विरुद्ध सात. बहुमत मिळालं आणि प्रस्ताव पडला! कारण दोनतृतीयांश, म्हणजे तेरा मतं हवी होती. विरोधी सातांमध्ये दोन्ही पक्षांचे लोक होते. हा डाव्या-उजव्यांचा तंटा नव्हता, हे त्यावरून कळतं.

मग लोकांचं म्हणणं नेमकं काय होतं? मला त्यात तीन सूर ऐकू येतात. पहिला चाहत्यांचा आणि व्यापाऱ्यांचा : इतकी वर्षं काठ ओसाड पडलाय, पैसे घालायला तयार असलेला माणूस दारात आलाय, त्याला परत पाठवाल तर तो संघही घेऊन जाईल. दुसरा सूर हिशेब बघणाऱ्यांचा आणि नदीवर प्रेम करणाऱ्यांचा : विकास होऊ द्या, पण जोखीम आमची आणि नफा तुमचा असं नको, आणि पाण्याच्या कडेनं चालायचा हक्क सगळ्यांचा राहू द्या. नदीकाठच्या मेट्रोपॉलिटन पार्कची गोष्ट यातलीच. त्या बागेला केंद्र सरकारच्या निधीची अट जोडलेली होती. बागेची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर तेवढ्याच मोलाची बाग दुसरीकडे देणं भाग होतं. कागदावरची एक जुनी ओळ, पण तिनं मोठमोठ्या योजनांना थांबायला लावलं.

तिसरा सूर ईस्टसाइडचा. स्टेडियमपासून चालत जाता येईल इतकी ही वस्ती जवळ. गुलामगिरी संपल्यानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेला हा भाग. तिथल्या मुख्य रस्त्याला ए. फिलिप रँडॉल्फ यांचं नाव आहे, ते थोर कामगार नेते याच शहरात वाढले. ऑलिम्पिक सुवर्णपदक आणि सुपर बोल या दोन्हींचा मान मिळवलेले बॉब हेज इथल्याच शाळेचे. आणि या वस्तीची आठवण १९६८ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी शहर आणि भोवतालचा जिल्हा एक करण्यात आला, जॅक्सनव्हिल क्षेत्रफळानं अवाढव्य झालं, आणि मतदारांमध्ये कृष्णवर्णीयांचं जे वजन वाढत होतं ते उपनगरांच्या संख्येत विरघळलं. बदल्यात काय सांगितलं होतं? जुन्या वस्त्यांना पाणी, सांडपाण्याच्या नळ्या, रस्ते मिळतील. त्यातल्या कित्येक घरांना सांडपाण्याची नळी मिळण्यासाठी अर्धशतक थांबूनही पुरलं नाही. तेव्हा ईस्टसाइडचा माणूस स्टेडियमला विरोध करत नाही. तो एवढंच विचारतो की या वेळी आमचा वाटा कुठे लिहिलाय ते दाखवा.

ह्यूम नावाच्या स्कॉटिश तत्त्वज्ञानं वचनाबद्दल एक मार्मिक विचार मांडला आहे. वचन पाळणं हा निसर्गानं दिलेला गुण नव्हे, परस्परांच्या गरजेतून माणसांनी घडवलेली ती रीत आहे. त्याच विवेचनात तो एक दाखला देतो : नावेत बसलेली दोन माणसं एकमेकांना काही न सांगताही वल्ही बरोबर मारतात, कारण दोघांनाही पुढे जायचंय. दाखला सुंदर आहे. पण या गोष्टीत मला तिसरा माणूस दिसतो, काठावर उभा असलेला. नाव त्याच्या काठावरून जाते, लाटा त्याच्या अंगणात येतात, आणि वल्ही मात्र त्याच्या हातात नाहीत.

लॉट जे पडल्यानंतर शहर काय शिकलं ते आता पाहू. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये परिषदेनं गोदीच्या जागेवरच्या खान यांच्या ‘फोर सीझन्स’ हॉटेलाला मंजुरी दिली. शहराची मदत सुमारे ११ कोटी ४० लाख डॉलर. रक्कम थोडी नाही. पण तिचा मोठा भाग काम पूर्ण झाल्यावर आणि मालमत्ता कराच्या परताव्यातून मिळायचा होता. आधी बांधा, मग घ्या. त्यानंतर स्टेडियमचा प्रश्न आला. २०२३ च्या उन्हाळ्यात वस्त्यावस्त्यांत बैठका झाल्या, आणि २५ जून २०२४ रोजी परिषदेनं १४ विरुद्ध १ मतानं करार मान्य केला. १४० कोटींचं नूतनीकरण, शहराचे ७७ कोटी ५० लाख, संघाचे ६२ कोटी ५० लाख. खर्च वाढला तर तो संघानं सोसायचा, आणि तीस वर्षं गाव सोडायचं नाही. मराठीत आपण ‘शब्द दिला’ म्हणतो आणि ‘कागद केला’ही म्हणतो. जॅक्सनव्हिल शब्दाकडून कागदाकडे आलं ते सात जणांच्या नकारामुळे, असं मला वाटतं. नकाराला आपण अडथळा समजतो, पण पुढचा करार नीट झाला त्यात त्या नकाराचा वाटा आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मूळ प्रस्तावात तीस वर्षांत मिळून ३० कोटी डॉलरचा लोकहिताचा करारही होता, निम्मे संघाचे, निम्मे शहराचे. त्यातून ईस्टसाइड, घरं, रोजगार यांना पैसे मिळायचे होते. मतदानाच्या वेळी परिषदेनं शहराच्या वाट्यातले नदीकाठच्या बागांचे ५ कोटी ६० लाख राखले आणि उरलेले ९ कोटी ४० लाख, ज्यात ईस्टसाइडचा हिस्सा होता, नंतर पाहू म्हणून बाजूला काढले. मालकाला कागद मिळाला, शहराला कागद मिळाला. काठावरच्या माणसाला त्या दिवशी पुन्हा शब्दच मिळाला.

विरोध करणाऱ्या नगरसेवकांचं म्हणणंही अगदी टाकाऊ नव्हतं. स्टेडियम आणि समाजकार्य यांची मोट एका मतात का बांधायची, प्रत्येक खर्च स्वतंत्र तपासा, असं ते म्हणत. तत्त्वत: बरोबर. पण स्वतंत्र तपासणीची शिस्त नेमकी दुबळ्याच्या हिश्श्यालाच का लागते, याचं उत्तर या तत्त्वात नाही. मालकाकडे जाण्याची धमकी असते, तो ती न उच्चारताही वापरतो. ईस्टसाइडच्या रहिवाशाला कुठेही जायचं नाही, आणि तेच वाटाघाटीत त्याचं दुबळेपण ठरतं. खरं तर जो जाणार नाही त्याचाच गावावर जास्त हक्क असायला हवा.

म्हणून कुठल्याही नदीकाठच्या, खाडीकाठच्या योजनेचं चित्र तुमच्यासमोर आलं, तर कारंजी आणि झाडं नंतर मोजा. आधी तीन गोष्टी विचारा. पैसे आधी जातात की काम झाल्यावर? शब्द मोडला तर कोण कुणाला कोर्टात खेचू शकतो? आणि जो आधीपासून तिथे राहतो, त्याचं नाव कागदावर आहे का? जॅक्सनव्हिलनं पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तीस वर्षांत कष्टानं मिळवली. तिसऱ्याच्या बाबतीत त्या जूनमध्ये तरी ‘नंतर पाहू’ एवढंच लिहिलं गेलं.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.