मानद चिटणीस : एथेल हेथॉर्नथ्वेट आणि शेफिल्डची माळराने

इंग्लंडमधील ग्रामीण परिसराच्या रक्षणाचा इतिहास बहुधा १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टपासून, म्हणजे ऑक्टेव्हिया हिल प्रभृती थोरांपासून सांगितला जातो. ते योग्यच आहे. परंतु एखाद्या शहराच्या वेशीवरचा डोंगर वाचवण्याचे काम प्रत्यक्षात कोण करते, आणि तेच का करू शकते, हा प्रश्न त्यात मागे पडतो. त्यासाठी शेफिल्डकडे वळावे लागते.

शेफिल्ड हे पोलादाचे, धुराचे शहर. पश्चिमेला मात्र पीक प्रदेशाची हेदरने आच्छादलेली माळराने. एथेल वॉर्ड (१८९४-१९८६) या शहरातील बड्या उद्योजकाच्या कन्या. वडिलांचा व्यवसाय भंगार आणि पोलादाचा. (महायुद्धात घोडे सैन्यात गेले तेव्हा याच पेढीने लिझी नावाची हत्तीण मालवाहतुकीस जुंपली होती.) एथेल यांचे पती कॅप्टन गॅलिमोर १९१७ मध्ये युद्धात मारले गेले. खचलेल्या तरुण विधवेला घरच्यांनी माळांवर फिरावयास प्रवृत्त केले आणि तेथे त्या सावरल्या. मे १९२४ मध्ये वडिलांच्या घरी झालेल्या बैठकीतून स्थानिक निसर्गदृश्यांच्या रक्षणासाठी एक मंडळ उभे राहिले. एथेल त्याच्या मानद चिटणीस झाल्या आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी हे काम सांभाळले.

‘मानद चिटणीस’ हे पद आपल्या साहित्यसंस्थांतून वावरलेल्यांना अपरिचित नाही. अध्यक्ष भाषण करतात. पत्रे, इतिवृत्त, वर्गणी आणि रुसवेफुगवे चिटणिसाच्या वाट्याला येतात. एथेल यांच्या बाबतीत त्यात आणखी एक अडचण होती. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यापूर्वी जमीनमालकाला आपल्या जमिनीवर बांधकाम करण्यापासून रोखणे फार अवघड होते. मंडळाच्या हाती मार्ग दोनच होते : मालकाचे मन वळवणे, नाहीतर जमीनच विकत घेणे. १९२७ च्या सुमारास ड्यूक ऑफ रटलंड यांची लॉन्गशॉ इस्टेट विक्रीस निघाली, तेव्हा मंडळाने दुसरा मार्ग धरला. लोकवर्गणी उभारून ७४७ एकर जमीन मिळवली आणि १९३१ मध्ये ती नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. ट्रस्टकडे देण्यामागे शहाणपण होते. १९०७ च्या कायद्याने आपली भूमी अविक्रेय ठरवण्याचा अधिकार त्या संस्थेला होता. दरम्यान मंडळ १९२६ साली निघालेल्या ‘कौन्सिल फॉर द प्रिझर्व्हेशन ऑफ रूरल इंग्लंड’ची स्थानिक शाखा बनले होते.

येथे एक अप्रिय गोष्ट नोंदवावी लागते. असे बिनपगारी नेतृत्व करावयास सवड लागते, आणि सवडीमागे पैसा असतो. वॉर्ड घराण्याचा पैसा ज्या कारखानदारीतून आला, तिच्याच धुरापासून दूर पळण्यासाठी कामगारांना हे माळ हवे होते. त्यांचीही चळवळ होतीच. बर्ट वॉर्ड (आडनाव एकच, नाते नाही) या कारागिराने १९०० मध्येच शेफिल्ड क्लॅरियन रॅम्बलर्स हा भटक्यांचा संघ काढला होता. शिकारीसाठी राखलेल्या माळांवर चालण्याचा हक्क हे त्यांचे मागणे. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटवर तरुण कामगारांनी सामुदायिक घुसखोरी केली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. कामगारांना पाय ठेवायला वाट हवी होती, तर एथेल यांच्या मंडळाला त्या भूमीचे रूप राखावयाचे होते. या दोन मागण्या एक नव्हेत, असे मला वाटते. पण माळावर बंगले उभे राहिले असते तर वाटेचा हक्क मागावयास जागाच उरली नसती.

१९३७ मध्ये एथेल यांनी वास्तुविशारद जेराल्ड हेथॉर्नथ्वेट यांच्याशी विवाह केला. नकाशे आणि आराखडे वाचणारा माणूस घरातच आल्याने मंडळाचे बळ वाढले. १९३८ मध्ये शेफिल्डभोवतीच्या हरित पट्ट्याला नगरपालिकेची मान्यता मिळाली. दुसऱ्या महायुद्धात जेराल्ड सैन्यात असताना कार्यालय एथेल यांनीच चालू ठेवले. १९४५ मध्ये राष्ट्रीय उद्यानांसाठी नेमलेल्या हॉबहाउस समितीवर त्यांची नियुक्ती झाली. १९४९ मध्ये कायदा झाला आणि १९५१ मध्ये ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून पीक डिस्ट्रिक्टची घोषणा झाली. त्यानंतरही, ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत, एथेल चिटणिसाच्याच खुर्चीवर होत्या.