विजया औषध म्हणून : नवख्या रुग्णासाठी अल्पमात्रेचे शास्त्र

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना, तर दुसऱ्या तीरावर नवा जालना. बियाणे आणि पोलादाच्या व्यापाराने नाव मिळवलेल्या या शहरातील कर्करोगाचे अनेक रुग्ण उपचारासाठी सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठतात. दोन भेटींच्या मधल्या काळात घरी सोसाव्या लागणाऱ्या वेदना, मळमळ आणि निद्रानाश यांवर उपाय शोधताना ‘विजया तेला’ची जाहिरात कुटुंबीयांच्या दृष्टीस पडते. विजया म्हणजे भांग. हे औषध खरोखर उपयोगी आहे काय, ते कायद्यात बसते काय आणि घ्यायचे ठरल्यास किती घ्यावे, या तीन प्रश्नांची उत्तरे वाचकांना माहीत असणे आवश्यक आहे.

परंपरा आणि एक जुना धडा

आयुर्वेदात विजया अपरिचित नाही. शार्ङ्गधर संहितेतील जातीफलादि चूर्णात ती आहे. मात्र ती ‘शोधन’ केल्याशिवाय वापरू नये, असा दंडक आहे. आधुनिक वैद्यकात तिचा पद्धतशीर अभ्यास कोलकात्यात सुरू झाला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. संधिवाताच्या तीन रुग्णांना त्यांनी गांजाची प्रत्येकी एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम राळ दिली. त्यांपैकी एका रुग्णाचे शरीर काही काळ ठेवू त्या स्थितीत ताठ राहिले. त्यानंतर ओशॉनेसी यांनी मात्रा कमी केल्या. या वनस्पतीच्या बाबतीत औषध आणि उपद्रव यांतील अंतर मात्रेवर ठरते, हा धडा तेव्हापासूनचा आहे. पुढे भारतीय भांग आयोगाने ११९३ साक्षी नोंदवून १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. माफक सेवन आणि अतिसेवन यांत त्यानेही स्पष्ट भेद केला.

दोन मुख्य घटक

भांगेतील टीएचसी या घटकामुळे नशा येते. वेदना, मळमळ आणि भूक यांवरील बराचसा परिणामही त्याचाच असतो. दुसरा घटक सीबीडी. त्याने नशा येत नाही. अपस्माराच्या दोन दुर्मिळ प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. केमोथेरपीनंतरच्या मळमळीसाठी टीएचसीच्या गोळ्या तेथे १९८५ पासून मान्य आहेत. दीर्घकालीन वेदनांत मात्र सरासरी लाभ माफकच आढळतो. कर्करोग बरा होतो, या दाव्याला रुग्णांवरील चाचण्यांचा आधार नाही.

अल्पमात्रा म्हणजे किती?

‘कमीपासून आरंभ, सावकाश वाढ’ हे सूत्र जगभरचे तज्ज्ञ सांगतात. नवख्या रुग्णासाठी टीएचसीची पहिली मात्रा १ ते २.५ मिलिग्रॅम, रात्री झोपण्यापूर्वी, अशी सर्वसाधारणपणे सुचविली जाते. वृद्धांत ती १ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असावी. दोन ते सात दिवस तीच मात्रा ठेवून, गरज भासल्यासच तितक्याच लहान पायरीने वाढवायची आणि लाभ जाणवू लागताच तेथेच थांबायचे. इस्रायलमध्ये २७ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्वासावाटे मोजून दिलेल्या अवघ्या अर्ध्या ते एक मिलिग्रॅम टीएचसीनेही वेदना कमी झाल्याचे दिसले. चाचणी लहान आहे, परंतु तिची दिशा लक्षणीय आहे.

नवखे रुग्ण हमखास चुकतात ते वेळेच्या बाबतीत. पोटात घेतलेल्या औषधाचा परिणाम जाणवण्यास एक ते तीन तास लागू शकतात आणि तो सहा ते आठ तास टिकतो. अर्ध्या तासात काही झाले नाही म्हणून दुसरी मात्रा घेतली, की मध्यरात्री दोन्ही एकदम अंगावर येतात. छातीत धडधड, भीती, भ्रम आणि उभे राहताच भोवळ ही अतिमात्रेची लक्षणे होत. वृद्ध रुग्ण पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका येथेच असतो.

बाटलीवरचा हिशेब

समजा, ३० मिलिलिटरच्या बाटलीत एकूण ३०० मिलिग्रॅम टीएचसी आहे. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले, तर एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम. म्हणून आरंभीची १ मिलिग्रॅमची मात्रा दोन थेंबांत भरते. मात्र बाटलीवर ‘विजया अर्क’ अमुक मिलिग्रॅम असे छापलेले असल्यास ते अर्काचे वजन असते, टीएचसीचे नव्हे. टीएचसी आणि सीबीडीचे प्रमाण स्वतंत्रपणे, तपासणीच्या दाखल्यासह मिळत नसेल, तर अशा बाटलीतून अल्पमात्रा मोजणे शक्य नाही. थेंबाचा आकारही बदलतो, म्हणून खुणा असलेली नळी वापरावी.

कायदा काय सांगतो?

अमली पदार्थविषयक १९८५ च्या केंद्रीय कायद्यात चरस आणि गांजा, म्हणजे राळ आणि फुलोऱ्याचे शेंडे, यांवर बंदी आहे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. त्यामुळे परवानाधारक उत्पादकांची पानांपासून बनविलेली आयुर्वेदिक औषधे विकली जातात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ई-१ अनुसूचीत बिया वगळता भांगेचा समावेश असल्याने अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना बंधनकारक आहे. महाराष्ट्रात दारूबंदी कायदाही भांगेला लागू होतो. सारांश, वैद्यांची चिठ्ठी आणि देयक जपून ठेवावे. ओळखीच्या माणसाकडून आलेली पुडी किंवा लेबल नसलेले तेल हे औषध नव्हे. त्याने रुग्णाबरोबर कुटुंबही अडचणीत येते.

कोणी घेऊ नये?

गर्भवती व स्तनदा माता, किशोरवयीन मुले, स्वतःला वा जवळच्या नातलगांना तीव्र मानसिक आजार झालेल्या व्यक्ती, तसेच अस्थिर हृदयविकाराचे रुग्ण यांनी टीएचसी टाळावे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन, अपस्मारावरील क्लोबाझाम, झोपेच्या गोळ्या, मॉर्फिन आणि मद्य यांच्यासह विजया घेतल्यास परिणाम वाढू शकतात. औषध चालू असताना वाहन चालवू नये.

नोंदवही ठेवा

तारीख, वेळ, थेंब, वेदनेला दहापैकी दिलेले गुण, झोपेचे तास आणि त्रास असे सहा रकाने आखून रोज नोंद करावी. चार आठवड्यांत वेदना, झोप वा मळमळ यांत फरक दिसला नाही, तर वैद्यांशी बोलून औषध बंद करणेच योग्य. विजया घेत असल्याचे कर्करोगतज्ज्ञांपासून लपवू नये आणि तिच्यासाठी चालू उपचार सोडू नयेत. तीव्र वेदनांसाठी मॉर्फिन हे जगन्मान्य औषध आहे. २०१४ मध्ये केंद्रीय कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा औषधांचे नियम सुलभ झाले. जाहिरातीतील तेल मागविण्यापूर्वी मॉर्फिनविषयी डॉक्टरांना विचारणे हे रुग्णाच्या अधिक हिताचे ठरेल.