मेजावरून मांडीवर : कावेरीकाठच्या संगणकाचा प्रवास

तामिळ भाषेत लॅपटॉपला ‘मडिक्कणिनी’ म्हणतात. ‘मडि’ म्हणजे मांडी आणि ‘कणिनी’ म्हणजे संगणक. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील खेड्यांत हा शब्द रुळला तो प्रामुख्याने २०११ नंतर. डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप, हा आज बाजारातला साधा प्रश्न वाटतो. तंजावर परिसरात मात्र त्यामागे आणखी एक प्रश्न दडलेला होता : संगणक गावाचा असावा की घराचा?

या प्रश्नाला येथे जुनी पार्श्वभूमी आहे. तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. तो पाहायचा तर तेथे जावे लागते. याच नगरीत सरफोजी राजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवनागरी छापखाना सुरू केला आणि ग्रंथ वाचकाच्या हाती जाण्याची वाट उघडली.

खेड्यातील संगणकाची सुरुवात सार्वजनिक जागेतून झाली. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ मध्ये पुदुच्चेरी परिसरात ग्राम ज्ञान केंद्रे उभारली. केंद्राची जागा दलितांसह सर्वांना खुली असावी, ही त्यामागची अट होती. पुढे इस्रोच्या सहकार्याने २००४ मध्ये ग्राम संसाधन केंद्रांचे उपग्रहाने जोडलेले जाळे सुरू झाले. त्यात तंजावरजवळचे तिरुवय्यारू होते. शेतीविषयक सल्ला, दूरशिक्षण व आरोग्यविषयक मार्गदर्शन गावापर्यंत पोचवणे हा त्याचा हेतू.

अशा सामायिक कामासाठी डेस्कटॉप सोयीचा होता. त्याच किमतीत अधिक क्षमता मिते, पेटीत हवा खेळती राहते आणि बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. उणीव एकच, पण मोठी : वीज गेली की यंत्र बंद. काचेच्या नळीचा जुना पडदा धरून त्याला शंभराहून अधिक वॅट लागत. त्यासाठी यूपीएस वेगळा घ्यावा लागे. लॅपटॉपचे काम बहुधा याच्या निम्म्याहून कमी विजेत भागते. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीने त्याला काही तासांचे स्वातंत्र्य दिले. २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभर लॅपटॉपची विक्री प्रथमच डेस्कटॉपच्या पुढे गेली.

तामिळनाडू शासनाने १५ सप्टेंबर २०११ रोजी शासकीय व अनुदानित संस्थांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना आरंभली. पुढच्याच वर्षी राज्यात विजेची तीव्र टंचाई झाली आणि चेन्नईबाहेर रोज कित्येक तास भारनियमन होऊ लागले. अंधार पडल्यावर केंद्रापर्यंत जाण्याची मुभा नसलेल्या मुलीला घरातच, वीज नसतानाही, अभ्यास करता येणे ही या यंत्राची खरी किंमत होती.

तोटेही होते. उष्ण हवेत बॅटरी लवकर क्षीण होते. कळफलक किंवा पडदा बिघडला तर दुरुस्ती महाग पडते. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै, ओरत्तनाडू भागातील नारळबागा आणि विजेचे खांब आडवे केले. अनेक गावांना आठवड्यांनंतर वीज मिळाली. अशा वेळी काही तासांची बॅटरी पुरी पडणे शक्य नव्हते.

तामिळनाडूच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना टॅब्लेट किंवा लॅपटॉप देण्याची घोषणा झाली. या यादीत डेस्कटॉप नाही. तरीही दिवसभर एकाच जागी चालणाऱ्या कामाला, जेथे वीज खात्रीची आहे तेथे, तोच स्वस्त आणि दीर्घायुषी ठरतो. निवड करताना यंत्राच्या वेगाआधी दोन गोष्टी पाहाव्यात : वीज किती वेळ असते आणि यंत्रापर्यंत कोण पोचू शकते. कावेरीकाठच्या गावांचा अनुभव हेच सांगतो.