सर्व्हरचे यंत्र आणि आभासी सर्व्हर : मेळ साधताना

एकाच बळकट सर्व्हरवर विशिष्ट सॉफ्टवेअर बसवून त्यातून अनेक 'आभासी' सर्व्हर चालविणे, याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव हायपरवायझर. या पद्धतीत जागा, वीज आणि पैसा वाचतो. मात्र मूळ यंत्र बंद पडले, तर त्यावरील सर्वच आभासी सर्व्हर एकदम ठप्प होतात. त्यामुळे यंत्राच्या प्रकृतीवर सतत देखरेख ठेवणे अपरिहार्य ठरते.

ही देखरेख दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग मदरबोर्डवरील स्वतंत्र चिपचा. डेल कंपनी तिला 'आयडीरॅक', तर एचपीई 'आयएलओ' म्हणते. मुख्य सर्व्हर बंद असतानाही ही चिप तापमान, पंखे व वीजपुरवठा यांची माहिती देते. त्यासाठी १९९८ मध्ये 'आयपीएमआय' आणि २०१५ मध्ये 'रेडफिश' ही मानके आली. दुसरा मार्ग हायपरवायझरमध्ये यंत्रनिर्मात्याचे पूरक सॉफ्टवेअर बसविण्याचा. सुसंगततेचे प्रश्न प्रामुख्याने येथेच उद्भवतात.

आवृत्ती बदलली, की...

व्हीएमवेअर कंपनीच्या हायपरवायझरचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. तिच्या 'ईएसएक्स' या प्रणालीत लिनक्सवर आधारित कन्सोल असे व देखरेखीचे सॉफ्टवेअर त्यात बसविले जाई. २०११ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून केवळ 'ईएसएक्सआय' ही कन्सोलविरहित प्रणाली उरली आणि जुनी व्यवस्था निरुपयोगी झाली. २०२० च्या सातव्या आवृत्तीने लिनक्सच्या धर्तीवरील जुने ड्रायव्हर वगळले. त्यांच्यावरच अवलंबून असलेली नेटवर्क आणि स्टोरेज कार्डे सुस्थितीत असूनही नव्या प्रणालीला ओळखता येईनाशी झाली.

सोयीतून धोका

मेळ बिघडेल या भीतीने अद्ययावतीकरण लांबणीवर टाकणेही महागात पडते. 'एसएलपी' ही ईएसएक्सआयमधील सेवा देखरेखीच्या सॉफ्टवेअरला सर्व्हरचा ठावठिकाणा कळावा यासाठी होती. तिच्यातील एका त्रुटीवरचा उपाय व्हीएमवेअरने फेब्रुवारी २०२१ मध्ये उपलब्ध केला. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ईएसएक्सआयआर्ग्ज' या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील तीन हजारांहून अधिक सर्व्हरना ग्रासले. हल्लेखोरांनी याच जुन्या त्रुटीचा फायदा घेतल्याचा इशारा फ्रान्सच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने दिला होता. एसएलपी बंद ठेवावी, असा सल्ला व्हीएमवेअरने दिला. मात्र ती बंद केल्यास तिच्यावर विसंबून असलेल्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरला सर्व्हर सापडत नाही. त्यामुळे कोणते सॉफ्टवेअर कोणत्या सेवेवर अवलंबून आहे, याची नोंद आधीच असणे आवश्यक आहे.

कोणती काळजी घ्यावी?

* सर्व्हरचे मॉडेल, प्रोसेसर व कार्डे हायपरवायझर कंपनीच्या सुसंगतता यादीत आहेत का, हे आवृत्ती बदलण्यापूर्वी पाहावे.
* फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांची जोडी तपासावी. एकच बदलल्यास डिस्क वा नेटवर्क अधूनमधून तुटण्यासारखे, चटकन न उमगणारे दोष निर्माण होतात.
* यंत्रनिर्मात्याचे प्लग-इन मध्यवर्ती व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर चालते का, याची खातरजमा करावी. व्हीएमवेअरच्या बाबतीत आधी मध्यवर्ती सॉफ्टवेअर व नंतर एकेक सर्व्हर, असा क्रम पाळावा.
* प्रथम एकाच सर्व्हरवर चाचणी घ्यावी. त्यावरील आभासी सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवावेत आणि बॅकअप घ्यावा.
* देखरेखीची चिप व हायपरवायझरचे व्यवस्थापन स्वतंत्र नेटवर्कवर ठेवावे. ते थेट इंटरनेटला जोडू नये.

बऱ्याच कार्यालयांत यंत्रांची देखभाल एका विभागाकडे, तर आभासी सर्व्हर दुसऱ्याकडे असतात. अद्ययावतीकरणाचे वेळापत्रक दोघांनी मिळून ठरविल्यास, यातील बहुतेक अडचणी कामकाज ठप्प होण्यापूर्वीच लक्षात येऊ शकतात.