चाउचिला येथील बसचालक आणि विश्वासाचा प्रश्न

अमेरिकेतील शालेय बसचा पिवळा रंग व बांधणीची मानके १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या परिषदेत ठरली. चालक आणि मुले यांच्यामधील संबंधाचे मानक मात्र कोणतीही परिषद ठरवू शकत नाही. तो रोजच्या फेरीत घडतो. आणि सुरळीत चालतो म्हणूनच त्याची लेखी नोंद मागे उरत नाही. संकट ओढवले म्हणजेच तो इतिहासाच्या दृष्टीस पडतो. कॅलिफोर्नियातील चाउचिला येथील घटना या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१५ जुलै १९७६ रोजी पोहण्याच्या सहलीहून परतणाऱ्या २६ मुलांची बस तिघा सशस्त्र तरुणांनी खंडणीसाठी अडविली. मुले ५ ते १४ वर्षांची होती; चालक एड रे ५५ वर्षांचा. सर्वांना दोन बंद व्हॅनमधून सुमारे ११ तास फिरविण्यात आले. नंतर लिव्हरमोरजवळील खाणीत पुरलेल्या एका मालमोटारीच्या पेटीत एकेकास शिडीने उतरविले गेले. छप्पर खचू लागले. तेव्हा रे व मोठ्या मुलांनी गाद्या एकावर एक रचून वरच्या भोकापर्यंत हात पोहोचविला, जड झाकण व त्यावर ठेवलेल्या बॅटऱ्या सरकविल्या आणि माती उकरली. सुमारे १६ तासांनी सर्व २७ जण जिवंत बाहेर आले.

वृत्तपत्रांनी या घटनेचे जे वाक्य केले, त्यात 'चालकाने मुलांना वाचविले' असा एकच कर्ता होता. पुढे प्रौढपणी काही मुलांनी जे सांगितले, त्यात चौदा वर्षांच्या एका मुलाचा पुढाकार ठळकपणे येतो. या दोन कथनांपैकी एक खोटे ठरविण्याचे कारण नाही. शस्त्रापुढे चालकाचा अधिकार केव्हाच संपला होता. मुलांना धाक घालण्यासारखे किंवा अभय देण्यासारखे त्याच्या हाती काहीच उरले नव्हते. तरीही त्या अंधारात त्याच्या शब्दाला मोल राहिले, आणि एका मुलाच्या धाडसाला प्रौढाची साथ मिळाली. हा विश्वास त्या रात्री निर्माण झाला, असे मानणे कठीण आहे. त्याचा उगम संकटापूर्वीच्या, कोणी न टिपलेल्या फेऱ्यांतच शोधावा लागतो.

या विश्वासाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी यांपैकी २३ मुलांच्या मुलाखती घेऊन १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक मुलात मानसिक आघाताची लक्षणे आढळली होती. सुटकेने मुले पूर्ववत झाली, ही तत्कालीन समजूत त्यामुळे टिकली नाही. चालकाचा सहवास त्यांना जगवू शकला. भीतीपासून वाचवू शकला नाही.

रे यांचे मे २०१२ मध्ये निधन झाले. अखेरच्या दिवसांत त्यांना भेटून गेलेल्यांत त्या बसमधील अनेक जण होते. तोवर ती मुले चाळिशीच्या आसपास पोहोचली होती.